चौथा चिंचोका

माझा डावा पाय हलतो. बसले की हलतो. चर्चमध्ये मिस्सेच्या उपासनेत हलतो, जेवताना हलतो, डॉक्टरच्या बाकावर हलतो. आई म्हणायची, "फिलू, हा पाय तुझा आहे की शिवणयंत्राचा?" आणि अशा या बाईने अंधेरीच्या आमच्या देवळामागच्या, म्हणजे चर्चमागच्या, हॉलमध्ये इतकी वर्षं लोकांना काय शिकवलं, तर स्थिर बसायला! हसा खुशाल. मीही हसते. पण त्यातली एक गोष्ट हसण्यावारी नेता येत नाही, ती आज सांगून टाकायची आहे. किती दिवस मनात घोळवू?

आधी माझं काम काय होतं ते सांगते, कारण आमच्या शेजारच्या कुलकर्णी वहिनींना कित्येक वर्षं वाटत होतं की मी शिवणाचा क्लास घेते. एकदा समजावून सांगितलं तर म्हणाल्या, "म्हणजे तुम्ही कीर्तनकार तयार करता का?" मी म्हटलं, "नाही हो, अगदी उलट. कीर्तनकार बोलतो. आमच्याकडे जो बोलला तो नापास."

आमच्या गावठाणांत, म्हणजे चकाला, मरोळ, गुंदवली, कोंडिविटे या सगळ्या बाजूला, घराघरात संध्याकाळी रोजरी, म्हणजे जपमाळेची प्रार्थना व्हायची. मे महिन्यात गावच्या क्रुसापाशी लादीन, म्हणजे एकेक नाव घेऊन केलेली विनवणी. सगळं तोंडपाठ, पोरंसोरं झोपेतसुद्धा म्हणतील. मिस्सा लॅटिनमध्ये, ती कुणालाच कळत नसे आणि त्याबद्दल कुणाची तक्रारही नसे. पण म्हणून झाल्यावर नुसतं गप्प बसायचं, आपला मेलेला नवरा, आजारी पोर, मनातली चीड हे सगळं देवापुढे आपल्या शब्दांत मांडायचं, हे कुणाला जमत नव्हतं. माणूस बसतो, मन भलतीकडे धावतं, मग वाटतं आपणच पापी, आणि उठून जातो. अशा माणसाबरोबर आठवड्यातून एकदा अर्धा तास कुणीतरी बसायचं. विचारायचं, "प्रार्थनेत काय झालं?" आणि ऐकायचं. हे पापनिवेदन नव्हे, ज्याला आमची जुनी माणसं कुमसार म्हणतात. ते फादरांचं काम. हा उपदेशही नव्हे. नुसतं सोबत बसायचं.

आमचे मोठे फादर एकटे आणि परिश, म्हणजे त्या देवळाखालचा सगळा मुलूख, केवढी पसरलेली! पार पवईकडच्या शेतांपर्यंत. त्यांच्या डोक्यात आलं की ही सोबत साध्या माणसांना आणि सिस्टरांना शिकवायची. पन्नास सालानंतरचे ते दिवस. लोक म्हणाले, म्हाताऱ्याचं डोकं फिरलं. "प्रार्थनेची वाट कोण दाखवणार? मसाला कांडणाऱ्या बायका?" फादर म्हणाले, "हो. त्यासुद्धा." आणि शिकवायला कोण? तर परिशच्या शाळेतली मी. मी म्हटलं, "फादर, मला पाच मिनिटं एका जागी बसवत नाही."

"म्हणूनच," ते म्हणाले. "ज्याला बसवत नाही त्याचे हाल तुला माहीत आहेत."

पहिल्या शनिवारी दुपारी बारा जण आले. पाच सिस्टर, सात प्रपंचातली माणसं. आणि पहिला महिना साफ फुकट गेला! कारण आमच्यात रीत अशी की सिस्टर उभी राहिली की बाकी सगळे उभे राहणार. सिस्टर बोलली की सगळे उभे. सिस्टर बेनिग्ना शिंकली तरी सातही जण उभे. प्रपंचातली माणसं सिस्टरांसमोर तोंड उघडेनात, आणि सिस्टर त्यांच्यासमोर आपल्या आत्म्याची गोष्ट काढेनात. माझा जीव नुसता खालीवर. शेवटी एका शनिवारी मी हॉलमधले बाक बाहेर काढले आणि चटया अंथरल्या. सिस्टर बेनिग्ना दारातच थांबली. "टीचर, या झग्यात मी खाली बसू कशी? आणि बसले तर उठू कशी?"

रोझुबाय आधीच मांडी घालून बसली होती. ती म्हणाली, "बस गं सिस्टर तू. मी उठवीन."

त्या दिवशी सगळे हसले आणि वर्ग खऱ्या अर्थाने सुरू झाला.

रोझुबाय चकाल्याची, पन्नाशी ओलांडलेली विधवा. उन्हाळ्यात घरोघरी जाऊन मिरच्यांचा मसाला कांडायची, एरवी भाताच्या शेतात. लिहिता-वाचता येत नव्हतं. मला वाटलं होतं ही दोन शनिवारांत गळणार. किती चुकले!

देवळाच्या आवारात चिंचेचं मोठं झाड होतं. त्याचे चिंचोके मी गोळा केले आणि माझी पद्धत काढली. तिघांनी बसायचं. एकाने बोलायचं, एकाने ऐकायचं, तिसऱ्याने राखण करायची. राखणदाराजवळ दहा चिंचोके. ऐकणाऱ्याने सल्ला दिला, चिंचोका. आपली स्वतःची कहाणी सांगितली, चिंचोका. "होईल गं सगळं नीट" असं सांत्वन केलं, तरी चिंचोका. राखणदाराने एक अक्षर न बोलता तो ऐकणाऱ्याच्या पुढ्यात ठेवायचा. ऐकणाऱ्याला परवानगी एकाच शब्दाची: "मग?" बस्स. तुम्हाला वाटेल, यात काय अवघड? आज घरी करून बघा. नवरा किंवा बायको बोलत असेल तेव्हा.

मिंगेल अंकल म्हणून होते, कचेरीत हेडक्लार्की करून रिटायर झालेले. त्यांच्यापुढे पाच मिनिटांत दहाही चिंचोके पडत. एका बाईला त्यांनी सांगितलं, "देवाला तीन मुद्दे सांगा आणि पुढच्या शनिवारपर्यंत उत्तर मागा." जणू देव त्यांच्या हाताखालचा कारकून! सिस्टर बेनिग्नाचं निराळं. ती दवाखाना चालवायची. समोरचा माणूस रडवेला झाला की ही लगेच त्याचा हात धरणार, "रडू नको, रडू नको." चिंचोका पडला की माझ्यावर डोळे वटारायची. "मग मी काय दगडासारखी बसू?" एक दिवस मात्र वर्ग संपल्यावर एकटीच मागे राहिली आणि म्हणाली, "टीचर, मी त्यांच्यासाठी नाही हो थांबवत. मला बघवत नाही म्हणून थांबवते." मी मनात म्हटलं, ही शिकली.

आणि रोझुबाय? तिच्या पुढ्यात वर्षभरात एक चिंचोका पडला नाही. मी विचारलं, "हे तुला कसं जमतं गं?" ती म्हणाली, "मिरची कांडताना तोंड उघडलं की ठसका लागतो. चाळीस वर्षं तोंड मिटून कांडते. बाया बाजूला बसून सगळं सांगतात. मी ऐकते आणि कांडते." सांताक्रूझला उतरणारं विमान हॉलवरून गेलं की आमचे सगळे आपोआप गप्प व्हायचे. रोझुबायला विमानाची गरज नव्हती.

दुसऱ्या वर्षी शिकलेल्यांनी खऱ्या माणसांबरोबर बसायला सुरुवात केली. तेव्हा मी आणखी एक नियम घातला. आठवड्याला माझ्याकडे यायचं, पण बोलायचं ते स्वतःबद्दल. ऐकताना तुझ्या मनात काय झालं? राग आला? झोप आली? समोरच्याने काय सांगितलं ते मला सांगायचं नाही. ते त्याचं आणि देवाचं. नियम माझाच होता, हे लक्षात ठेवा.

आता नाताली. हे तिचं खरं नाव नाही, आणि जेवढं लिहायला तिने परवानगी दिली आहे तेवढंच लिहिते.

मरोळची पोर, एकोणीस वर्षांची, माझ्याच शाळेत शिकलेली. हुशार, शांत. तासन्‌तास देवळात बसायची आणि तिचं बोटसुद्धा हलायचं नाही. तिच्या मनात कॉन्व्हेंटात जायचं होतं, निदान घरात तसं बोललं जात होतं. जूनमध्ये काही मुली दूरच्या मठात शिकाऊ म्हणून जाणार होत्या. तिथल्या मुख्य मदरना ईस्टरपर्यंत हो किंवा नाही कळवायचं होतं. ठरवण्याआधी नीट प्रार्थना करावी म्हणून फादरांनी तिला रोझुबायकडे पाठवलं. ईस्टरआधीचा चाळीस दिवसांचा उपवासकाळ सुरू झाला होता. दर बुधवारी दोघी चिंचेखाली बसायच्या.

मी शाळेच्या खिडकीतून बघायची. पोर बोलते आहे, रोझुबाय गप्प. पोर गप्प, रोझुबायही गप्प. माझा पाय नुसता थडथड, थडथड! ईस्टर जवळ येत होता आणि ही बाई शेतात भात पिकायची वाट बघावी तशी बसलेली.

शनिवारी रोझुबाय माझ्याकडे आली की मी विचारायची, "काय म्हणते नाताली?"

"तिचं मला विचारू नको टीचर. माझं विचार."

"बरं, तुझं सांग."

"मला कसलीच घाई नाही, एवढंच."

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. कारण घाई मला होती. का होती, ते तेव्हा वर्गातल्या कुणालाच माहीत नव्हतं. फादरांना असेल, पण ते कधी बोलले नाहीत.

मी अठरा वर्षांची असताना स्वतः कॉन्व्हेंटात गेले होते. आमचं घर तेव्हा कुर्ल्याला. आठ महिन्यांनी मला परत पाठवलं. मदर चांगल्या होत्या, डोक्यावरून हात फिरवून म्हणाल्या, "तुझ्यात स्थिरपणा नाही, मुली." परत आले तेव्हा आईने दार उघडलं आणि आधी गल्लीत कुणी बघतंय का ते बघितलं. आमच्यात कॉन्व्हेंटातून परत आलेल्या मुलीला कुणी वाईट बोलत नाही. नुसतं विहिरीवर बायका गप्प होतात. "तीच ना, परत आलेली?" म्हणजे देवाने नाकारलेली. मग माणसांतलं स्थळ कोण आणणार? माझं लग्न झालं नाही. मी अंधेरीला आले, शाळा धरली, आणि पाय हलवत राहिले.

नाताली स्थिर होती. मला जे जमलं नाही ते ती करेल असं माझ्या मनाने घेतलं होतं. स्पष्टच सांगते, ती पोर मला माझ्या जागी पाठवायची होती. तेव्हा मात्र मी याला श्रद्धा म्हणत होते.

ईस्टरच्या आधीच्या आठवड्यात सकाळच्या मिस्सेनंतर ती चिंचेखाली उभी होती. रोझुबायचा वार नव्हता. मला बघून पुढे आली.

"टीचर, तुम्हाला जरा सांगायचं होतं."

"बोल ना."

"प्रार्थनेत काहीच येत नाही. सगळं कोरडं. कॉन्व्हेंटचं मनात आणलं की जास्तच कोरडं. आणि रोझुबाय काही सांगतच नाही. नुसतं 'मग?' म्हणते. मला..."

मी तिला पुढे बोलू दिलं नाही. हातात वह्यांचा गठ्ठा, घंटा व्हायला आलेली, पाय हलतोय. मी म्हटलं, "अगं वेडे, कोरडं वाटणं हीच खूण आहे! देव ज्यांना निवडतो त्यांनाच कोरडं ठेवतो. घाबरू नको. जा तू."

तिचा चेहरा एकदम शांत झाला. मला वाटलं, हीच देवाची शांती. मी वर्गात गेले आणि त्या दिवशी पोरांना अर्धा तास आधी सोडलं, इतकी मी खूष.

शनिवारी रोझुबाय आली. बसली नाही.

"पोरीला कुणी काय सांगितलं?"

"का गं?"

"आता ती मला काही सांगत नाही. कोरडं म्हणजे खूण, असं बोलते. हे तिचं बोलणं नाही. तिने 'हो' कळवून टाकलं."

"मग चांगलंच झालं की! सांगितलं मी. काय बिघडलं?"

रोझुबायने माझ्याकडे बघितलं. "ती काहीतरी बोलायला लागली होती टीचर. तोंडापाशी आलं होतं. अजून दोन बुधवार लागले असते." एवढं बोलून गेली. मग तिचा मसाल्याचा हंगाम सुरू झाला आणि महिनाभर ती वर्गाला आली नाही. मी मनात म्हटलं, रुसली. शिकवलं मी, आणि आता मलाच शिकवते!

जूनमध्ये नाताली गेली. गावठाणातून बायका पोचवायला आल्या, हार घातले. तिचा बाप रडला. तिची पत्रं यायची, माझ्या नावे एक-दोन. अक्षर सुरेख, मजकूर कुणालाही लिहावा तसा. मी ती वर्गात अभिमानाने दाखवायची.

दुसऱ्या वर्षीच्या नाताळाआधी ती परत आली. आजारी पडली असं घरचे सांगत. जेवण जात नव्हतं, झोप नव्हती, शेवटी त्या लोकांनीच समजुतीने घरी पाठवलं. ही बातमी मला सिस्टर बेनिग्नाने दवाखान्याच्या पायरीवर सांगितली.  पहिलं काय आठवलं माहीत आहे? आईचं ते गल्लीत बघणं. मी या पोरीला माझीच जागा दिली होती, अगदी हुबेहूब. परत आलेली.

पंधरा दिवस मी तिच्याकडे गेले नाही. टांगेवाल्याला मरोळच्या रस्त्याने घ्यायला सांगायची आणि मध्येच परत फिरवायची. कारणं काय कमी होती? नाताळची गाणी, शाळेचे पेपर. शाळेत पोरांवर ओरडायची, वर्गात चिंचोके उगाच जास्त पाडायची. शेवटी एका दुपारी रोझुबायच्या घरी गेले. ती अंगणात भात पाखडत होती. मी म्हटलं, "माझ्याबरोबर मरोळला येशील? एकटीने जायची माझी छाती होत नाही."

तिने सूप खाली ठेवलं, पदर झटकला आणि निघाली. 

नाताली मागच्या पडवीत बसली होती. हाडं दिसत होती नुसती. मठात कापलेले केस अजून पुरते वाढले नव्हते म्हणून डोक्याला रुमाल. आम्हाला बघून उठली, चटई टाकली. तिची आई चहा ठेवायला आत गेली. आम्ही तिघी बसलो.

मी ठरवून गेले होते की माफी मागायची. पण पोरीचं ते तोंड बघितलं आणि माझी जीभ सुटली. म्हटलं, "नाताली, अगं मीसुद्धा परत आले होते. कुणाला माहीत नाही. आठ महिन्यांत. माझ्या आईने तर..." आणि मी माझी सगळी कहाणी सुरू केली.

माझ्या गुडघ्यापुढे टक्‌ करून काहीतरी पडलं. चिंचोका! रोझुबायने पदराच्या गाठीतून काढला होता.

मी बघितलं आणि न बघितल्यासारखं केलं. "लोकांचं मनावर घेऊ नको. वर्षभरात विसरतात गं, होईल सगळं नीट."

दुसरा चिंचोका.

"आमच्या शाळेत खालच्या वर्गाला टीचर हवी आहे, मी मोठ्या बाईंशी बोलते, जानेवारीपासून तू..."

तिसरा.

मी थांबले. अहो, काय सांगू! शिकवून शिकवून बारा माणसं तयार केली होती मी, आणि त्या चटईवर मिंगेल अंकलांच्या जागी मी बसले होते.  रडूच आलं मला. तेही गिळलं, कारण ते रडणंसुद्धा माझंच असतं. पडवीत कोंबड्या फिरत होत्या. आत स्टोव्हचा आवाज. पाय थडथडत होता, तो मी हाताने दाबून धरला. किती वेळ गेला कोण जाणे. मला तर ते आठ महिने यापेक्षा छोटे वाटले.

मग नाताली त्या तीन चिंचोक्यांकडे बघत म्हणाली, "टीचर, त्या दिवशी झाडाखाली मी तुम्हाला सांगायला आले होते."

मी गप्प.

"की मला जायचं नाही. रोझुबायला सांगायच्या आधी तुमच्यापुढे एकदा बोलून बघायचं होतं. घरी सांगायची हिंमत यावी म्हणून. तुम्ही माझ्या आधीच बोललात."

तोंडात सगळं तयार होतं. क्षमा कर, मी तुझं वाटोळं केलं, मी चुकले, मला ठाऊक नव्हतं. एकेक शब्द ओठांपर्यंत आला. रोझुबायची मूठ माझ्या डोळ्यांच्या कोपऱ्यात दिसत होती, त्यात चौथा होता. देवाशपथ सांगते, आयुष्यात इतकं अवघड काही केलं नाही.

मी म्हटलं, "मग?"

नाताली बोलायला लागली. आधी अडखळत, मग जोरात, मग रागाने, माझ्यावरच्या रागाने. तिची आई कप घेऊन दारात आली आणि तशीच उभी राहिली. चहा गार झाला. ती काय बोलली ते परवानगीच्या बाहेरचं आहे. ते तिचं. माफी मी मागितली, पण पुष्कळ उशिरा, तिचं सगळं बोलून झाल्यावर, आणि तीही एका वाक्यात.

ऊन उतरल्यावर आम्ही दोघी परत निघालो. बरंच चालल्यावर रोझुबायने मूठ उघडली. चौथा चिंचोका तिथेच होता, घामाने ओला झालेला. तिने तो परत पदराला बांधला.